अर्ध्या कोठीचा ढोल

हेडफोन घ्यायला जाताना सोबत ढोल न्यावा लागतो, हे मला ज्या माणसाकडून कळलं, ते चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत सहा वर्षं माझे शेजारी होते. दोन क्वार्टरांत मिळून भिंत एकच. भिंतीच्या पलीकडे ते, त्यांची बायको आणि एक ढोल. अलीकडे मी एकटा, नवी नोकरी आणि रात्रपाळीनंतरची झोप. पैकी झोपेचं त्या ढोलाशी पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

त्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणायचे. वयाने मोठे असलेले फोरमनसुद्धा. मला ते ‘साहेब’ म्हणायचे, कारण मी सांगलीकडून आलेला ज्युनियर इंजिनियर आणि ते टर्बाइन विभागातले तंत्रज्ञ. त्या ‘साहेब’मध्ये आदर किती आणि कीव किती, हे मी कधी खोलात जाऊन पाहिलं नाही. गेलो असतो तर मलाच त्रास झाला असता.

टर्बाइनच्या मजल्यावर आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करावे लागतात. त्या गदारोळात भाऊ एक लोखंडी सळई घेऊन हिंडायचे. सळईचं एक टोक बेअरिंगच्या कवचावर, दुसरं कानामागच्या हाडावर. डोळे मिटायचे, ओठ आवळायचे आणि थोड्या वेळाने निकाल द्यायचे. माझ्या पहिल्याच महिन्यात त्यांनी एका पंपापाशी मला खुणेने बोलावलं आणि कानात ओरडून सांगितलं, “साहेब, हा रडून राह्यला.”

मी मीटर पाहिला. “मीटर तर ठीक दाखवतोय.”

“मीटरले रडणं समजते का?”

पुढच्या आठवड्यात नेहमीच्या देखभालीसाठी पंप उघडला तेव्हा आतला एक बोल्ट पाव आटा सैल निघाला. रडण्यासारखं काही नव्हतं, पण कुरकुर करण्याइतकं नक्कीच होतं. तेव्हापासून मी आधी भाऊंना विचारायचो आणि मग मीटरकडे बघून तेच लिहायचो.

अशा कानांची ते तशीच काळजी घ्यायचे. कामावर जाताना खोबरेल लावलेला कापूस आणि त्यावर कंपनीने दिलेली कानझापं. न्हाव्याने कानाला हात लावायचा नाही, हा करार. कानाला सर्दी होते म्हणून गाडीवर कायम मफलर, तोही चंद्रपूरच्या मे महिन्यात, जेव्हा माणसं सावलीतसुद्धा पळत जातात. आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे कुकर. त्यांच्या घरात कुकर चढला की भाऊ अंगणात येऊन दोन्ही कानांत बोटं घालून उभे राहायचे. तिसरी शिट्टी झाली की वहिनी दारातून हात हलवायच्या, मग बोटं निघायची. समोरच्या रांगेतल्या बायका त्यावरून वेळ ओळखायच्या. “भाऊ बाहेर आले, म्हंजे बारा वाजले,” असं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आता ढोलाबद्दल. आमची वसाहत पाळ्यांवर चालते, त्यामुळे दिवसाच्या चोवीस तासांत असा एकही तास नाही की कोणीतरी झोपलेलं नाही. सकाळी रात्रपाळीवाले झोपतात, दुपारी पहाटेच्या पाळीवाले, रात्री उरलेले. भाऊंनी ढोल कधीही वाजवला तरी तो कोणाच्या ना कोणाच्या उशीवरच वाजायचा. शेवटी अर्ज झाला. बावीस सह्या होत्या. तिसरी माझी.

अर्जाची प्रत हातात पडल्यावर भाऊ माझ्याकडे आले. मला वाटलं, आता खैर नाही. त्यांनी कागद उलगडला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “सही सुंदर हाय साहेब तुमची. वळण चांगलं हाय.” आणि निघून गेले. त्या दिवसापासून ढोल खोळीत गेला. एवढं साधं बोलून त्यांनी मला जितकं शरमिंदं केलं, तितका मी चार शिव्या दिल्या असत्या तर झालो नसतो.

ढोल त्यांच्या लेखी छंद नव्हता. भाऊंचं गाव मूल शहराच्या पलीकडे, धानाच्या पट्ट्यात. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, पाहुणे, चिवडा-जिलेबी आणि रात्री नाटक. गावच्या नाटकात भाऊ सव्वीस वर्षं रंगमंचाच्या डाव्या अंगाला ढोल घेऊन बसत आले होते. पडदा उघडायचा तो त्यांच्या थापेवर, खलनायक यायचा तो त्यांच्या थापेवर, आणि नायिकेचा बाप मरायचा तोही त्यांनी थाप दिल्याशिवाय मरत नसे. वर्षभर ते आमच्याबरोबर वीज बनवायचे. पण जगायचे ते त्या एका रात्रीच्या जिवावर, असं म्हटलं तर चुकणार नाही.

त्या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी नवीन टूम काढली. हे अध्यक्ष म्हणजे धानाचे मोठे शेतकरी आणि दरवर्षीचे खलनायक. उन्हाळ्यात ते कामानिमित्त चंद्रपूरला आले तेव्हा भाऊंच्या घरी जेवायला थांबले होते. मीही होतो. वरणभात कालवता कालवता त्यांनी विषय काढला.

“भाऊ, औंदा ऑक्टोपॅड पायजे. साऱ्या नाटक कंपन्यायत ऑक्टोपॅड आला. विजेचा कडकडाट पायजे, पिस्तूल पायजे, रेल्वे पायजे. तुमच्या ढोलातून रेल्वे निघते का?”

भाऊंनी घास तोंडाशी धरून विचार केला. “मालगाडी निघते.”

“नाई जमत भाऊ आता. नागभीडचे एक मास्तर हायेत, ऑर्केस्ट्रात वाजवते. त्यायले म्या सांगून ठेवलं हाय. पण तुमचा मान पयला. दसऱ्यापर्यंत शिका, मंग तालीम पाहू. जमलं तं तुमी, नाई तं मास्तर.”

ऑक्टोपॅड म्हणजे आठ रबरी पट्ट्यांचा चौकोनी पाट. काठीने पट्टी मारली की आत भरलेला आवाज तारेतून बाहेर पडतो. भाऊंनी बल्लारपूरला एका ऑर्केस्ट्रा सोडलेल्या गृहस्थाकडून जुना ऑक्टोपॅड आणला. आता वसाहतीला त्रास न देता घरात सराव करायचा, म्हणजे हेडफोन हवा. वहिनींनी ऑक्टोपॅडकडे एकदा वरून आणि एकदा खालून पाहिलं. ढोल कुठे दिसेना. त्यांनी निकाल दिला, “हेडफोनाले दोन हजार. वर एक रुपया गेला तं ह्या पट्ट्या चुलीत.” घरात गॅस होता, पण वहिनी बोलल्या म्हणजे चूलही उभी करतील, याची भाऊंना खात्री होती.

यात माझा प्रवेश झाला तो शहाणपणा शिकवायला. इंजिनियर असल्यामुळे मी एका संध्याकाळी माझा बिनतारी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. बाराशेचा होता, निळा दिवा लुकलुकायचा, मला त्याचा अभिमान होता. भाऊंनी पट्टीवर एक काठी मारली, थांबले. पुन्हा मारली, पुन्हा थांबले. मग हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला.

“साहेब, हात आज पडते, आवाज उद्या येते.”

मी म्हणालो, काहीतरीच काय, सेकंदाचा दहावा-पाचवा भाग लागत असेल. “तेवढ्यात माणूस मरते,” भाऊ म्हणाले, आणि नाटकाच्या हिशोबाने ते खरंच होतं. रात्री मी गुपचूप वाचून पाहिलं. वाजवणाऱ्याने तारेचाच हेडफोन घ्यावा, बिनतारीत आवाज उशिरा पोचतो, असं सगळेच लिहीत होते. मी ते वाचल्याचं भाऊंना कधी सांगितलं नाही.

मग आम्ही चंद्रपूरच्या गोल बाजारात गेलो. गाडी माझी. पुढे टाकीवर ऑक्टोपॅड, मागे भाऊ, भाऊंच्या गळ्यात ढोल, ढोलावर मफलर. दुकानदाराने आमचं ध्यान बघितलं.

“भाऊ, हा ढोल काऊन आणला?”

“मापाले,” भाऊ म्हणाले. “शर्ट शिवाले जाता तं जुना शर्ट नेता का नाई?”

  ऑक्टोपॅडला वीज मिळाली, हेडफोन डोक्यावर चढला. भाऊ पट्टीवर एक थाप मारायचे, हेडफोन गळ्यात उतरवायचे, खऱ्या ढोलावर तीच थाप मारायचे, पुन्हा हेडफोन चढवायचे. पहिल्या खऱ्या थापेला दुकानाच्या काचा थरथरल्या आणि दुसरीला बाहेर माणसं थांबली. एका म्हाताऱ्याने विचारलं, “वरात कोनाची हाय?” दोन बायका भाजीच्या पिशव्या खाली ठेवून टेकल्या.

“बेस पाहा ना भाऊ, बेस!” दुकानदार सांगत होता. “पूरा सिनेमा हॉलवाला बेस हाय याच्यात.”

“बेस म्हंजे पोट,” भाऊ म्हणाले. “ढोलाले नुसतं पोट असते काय? तोंड नसते? काठी चामड्यावर पडते तो आवाज कुठी हाय? थापेनंतर चामडं मांगं येते, ते कुठी हाय? तुमी मले पोट इकून राह्यले.”

दुसरा हेडफोन पत्र्याचा डबा निघाला. तिसऱ्यातला ढोल भाऊंच्या मते शेजारच्या गावात वाजत होता. चौथा ओला. “पावसाळ्यातला ढोल हाय हा, उन्हात नाई ठेवलेला.” तोवर जमलेल्या मंडळींना यात रस आला होता. म्हाताऱ्याने तो हेडफोन मागून घेतला, बराच वेळ ऐकला आणि मान हलवली. “हो बापा. ओलाच हाय.” पाचव्यात कानावरची गादी इतकी लहान होती की काठीची रबरावरची टकटक आत शिरत होती. दीड तासाने आम्ही काही न घेता उठलो. दुकानदाराने मात्र त्या गर्दीला मोबाइलची चांगली आठ-दहा कव्हरं विकली होती. आम्हाला चहा पाजून तो म्हणाला, “पुढच्या रविवारी येजा भाऊ. ढोल घेऊन येजा.”

मग भाऊंनी ऑनलाइन मागवायला सुरुवात केली. महिन्याभरात सात आले आणि सातही परत गेले. सामान आणणारे कुरिअरवाले काका पहिल्या तीन वेळा चिडले. चौथ्यापासून ते गाडी बंद करून आत यायचे, पाटावर बसायचे आणि निकालाची वाट बघायचे, कारण दोन खेपा मारण्यापेक्षा हे सोयीचं होतं. सहाव्याला तर त्यांनी स्वतः कानाला लावून मत दिलं, “मागच्यापेक्षा सुका हाय, पण तोंड नाई याले.” भाऊंनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. माझ्याकडे तसं त्यांनी कधीही पाहिलेलं नाही.

वस्तू परत करताना कारण निवडावं लागतं. रंग वेगळा, माप चुकीचं, वस्तू फुटलेली, आता गरज नाही. यातलं एकही भाऊंना पटायचं नाही. खोटं कारण द्यायला ते तयार नसत. त्यामुळे ते तक्रारीच्या नंबरावर फोन लावायचे आणि पलीकडच्या बिचाऱ्या मुलीला हिंदीतून समजावायचे, “मॅडम, चीज अच्छी है, लेकिन ढोल का चमडा वापस नहीं आ रहा.” ती मुलगी घाबरून विचारायची, “सर, चमड़ा बॉक्स में नहीं मिला क्या?” शेवटी फोन माझ्या हातात यायचा आणि मी ‘माप चुकीचं’ सांगून प्रकरण मिटवायचो. भाऊ दुसरीकडे तोंड करून बसायचे.

हेडफोन अखेर मिळाला तो बल्लारपूरला, स्टेशनजवळच्या एका जुन्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात, वरच्या फळीवर, खोक्याशिवाय. काळा, जाड तारेचा, कान पुरा झाकणाऱ्या गाद्या, दिवा नाही, चमक नाही. नवी मंडळी घेत नाहीत म्हणून पडून राहिलेला. भाऊंनी एक थाप मारली आणि हेडफोन काढलाच नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. त्यांच्या कपाळावरची आठी मी पहिल्यांदाच सैल झालेली पाहिली. “काहीच नाई टाकलं याच्यात कोणी आपल्या मनचं,” ते म्हणाले. “जसं हाय तसं देते.” किंमत अठराशे. वहिनींची चूल टळली.

कोणालाही वाटेल की गोष्ट इथे संपली. मलाही वाटलं. चौथ्या दिवशी भाऊ भिंतीवर तीन टकटक करून मला बोलावते झाले.

“साहेब, ढोल कानात हाय. बुडात नाई.”

खरा ढोल वाजवणाऱ्याला आवाज नुसता ऐकू येत नाही, तो मांडीतून, बसल्या जागेतून अंगात चढतो. हेडफोन कितीही खरा असला तरी तो कानापाशीच थांबतो. मी म्हटलं, भाऊ, आता एवढं चालवून घ्या. भाऊंनी मला न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी भंगारातून मोटारीतला एक जुना स्पीकर आणला, एका खटपट्या मित्राकडून त्याला छोटा अॅम्प्लिफायर जोडून घेतला, त्याची तार ऑक्टोपॅडला लावली, आणि तो स्पीकर कशाला तरी चिकटवून त्यावर बसायचं ठरवलं. घरात बसण्याजोगी आणि पोकळ अशी एकच वस्तू होती: वहिनींची तांदळाची कोठी. टिनाची, मांडीइतकी उंच, माहेरून आलेली.

कोठी रिकामी करून पहिली थाप मारली तेव्हा समोरच्या रांगेतले तीन रात्रपाळीवाले उठून बाहेर आले. मग काठोकाठ भरली, तर स्पीकर मुका झाला. भाऊ पायलीने तांदूळ काढत गेले, बसत गेले, वाजवत गेले. बरोबर निम्म्यावर ढोल बुडात आला. बाहेर आवाज नाही, आत पुरा ढोल. भाऊंनी कोठीच्या आत खडूने रेघ मारली आणि वहिनींना सांगितलं, “दसऱ्यापर्यंत रेघेच्या खाली जायचं नाई.”

धानाच्या गावची बाई. दोन्ही वेळा भात. वहिनींचं म्हणणं मला भिंतीतून सविस्तर ऐकू आलं. “घरचा तांदूळ घरात हाय, अन् मी दुकानातून किलो-किलो आणून राह्यली! पाहुण्यायले का सांगू? का आमच्या घरचा तांदूळ बसाचा हाय, खाचा नाई?” पण रेघ त्यांनी मोडली नाही. एकदा मी उसना वाटीभर तांदूळ मागायला गेलो तर त्यांनी कोठीकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि मला पोहे दिले. आमच्या लेखी त्या घरात काय चाललं होतं, तर रोज दोन-तीन तास एक माणूस कोठीवर बसून रबरावर टकटक करत होता. डोळे मिटून, मान डोलवत, घामाघूम होऊन. आम्हाला ऐकू यायची ती फक्त टकटक. “वाळवी लागल्यावानी वाट्टे,” वहिनी म्हणायच्या.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी तालीम ठरली. कोठी न्यावीच लागणार होती. गावात कोठ्या ढिगाने होत्या, पण नवीन धान अजून शेतात उभं होतं, त्यामुळे त्या दिवसांत सगळ्या गावाचा तांदूळ तळाला गेलेला. एकाही घरची कोठी निम्म्यावर मिळाली नसती. म्हणून आम्ही मालवाहू ऑटो केला: कोठी, ऑक्टोपॅड, भाऊ, मी आणि झाकणावर हात ठेवून बसलेल्या वहिनी. नवऱ्यासाठी नाही, तांदळासाठी आले, असं त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलं.

शाळेच्या पटांगणात दुपारी तालीम लागली. मंडपवाल्याने मंडईसाठी ठरवलेले भोंगे आणि मोठे स्पीकर आणून लावले होते. नागभीडचे मास्तर आधी वाजवून गेले. बरं वाजवलं. मग भाऊ कोठीवर बसले, हेडफोन चढवला, डोळे मिटले. पहिल्या प्रवेशाचा पडदा उघडला. खलनायक आला. वीज कडाडली, पिस्तूल सुटलं, मालगाडी निघाली आणि गेली. भाऊंचा हात असा चालत होता की अध्यक्ष स्वतःचे संवाद विसरून ताल धरू लागले. पारावरची मंडळी उठून जवळ आली. मला घाम फुटला होता, आनंदाचा. मी वहिनींकडे पाहिलं. त्या झाकण मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

“जमलं!” अध्यक्ष ओरडले. “जमलं भाऊ! जागा तुमची!”

डोळे उघडल्यावर लोक टाळ्या वाजवताना दिसले म्हणून भाऊंनी वाजवता वाजवता हेडफोन एका कानावरून सरकवला. आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी एक थाप मारली. भोंग्यातून ‘फडाड’ असं काहीतरी निघालं आणि शाळेच्या भिंतीवर आपटून पुन्हा आलं. दुसरी मारली. पुन्हा फडाड. भाऊ उठले, स्पीकरपाशी जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, “साहेब, मारा एक.” मी मारली. त्यांनी ऐकली.

“हे कोण वाजवून राह्यलं होतं?”

“तुमीच ना भाऊ,” अध्यक्ष म्हणाले.

“मी असा नाई वाजवत.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो इतक्या उशिरा की मला माझ्या पदवीची लाज वाटली. पाच महिने आम्ही आकाशपाताळ एक केलं. बारा हेडफोन नाकारले, स्पीकर जोडला, तांदूळ मोजला. गोल बाजारातली गर्दी, कुरिअरवाले काका, मी, कोणाच्याही मनात एकदा आलं नाही की मंडईतले लोक हेडफोन लावून बसणार नाहीत. खरा ढोल फक्त एका माणसाच्या कानात वाजणार होता. बाकी गावाला फडाड.

“अहो, गावाले का समजते?” अध्यक्ष काकुळतीला आले. “साऱ्यायले हेडफोन वाटू का मी? वाजवा तुमी. लोक खुश हायेत.”

“मले समजते ना,” भाऊ म्हणाले. “मास्तराचा हात हलका हाय, त्याचं भोंग्याशी जमते. माहा नाई जमत. खोट्या आवाजावर हात खोटा पडते, अन् मंग सुधरत नाई.” त्यांनी हेडफोनची तार गुंडाळली. “जागा मास्तरले द्या.”

सव्वीस वर्षांची जागा. अध्यक्षांनी हात जोडले, मास्तरांनी स्वतः येऊन विनवलं. भाऊ कोठीचा एक कान धरून उभे होते. दुसरा मी धरावा म्हणून वाट पाहत होते.  परतीच्या वाटेवर ऑटोत मला त्यांचा राग आला होता. एवढा हट्ट माणसाने कशासाठी करावा, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

त्यानंतर आठ दिवस भिंतीपलीकडून टकटक आली नाही. भाऊ कामावर यायचे, सळई कानाला लावायचे, निकाल द्यायचे. पण मंगळवारी त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि ते अंगणात आलेच नाहीत. दुसरी झाली, तिसरी झाली. समोरच्या रांगेतल्या बायका दारात येऊन बघू लागल्या. मला पहिल्यांदा काळजी वाटली.

रविवारी वहिनींनीच मला हाक मारली. आत गेलो. ऑक्टोपॅडवर टॉवेल टाकलेला होता. भाऊ खाटेवर वर्तमानपत्र धरून होते, पान उलटत नव्हते. वहिनींनी टॉवेल ओढून काढला, मला तार लावायला सांगितली, आणि स्वतः पदर खोचून कोठीवर बसल्या.

“उठा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “वाजवा.”

“काऊन?”

“काऊन म्हंजे? तीन महिने अर्धी कोठी राखली म्या. काय राखलं ते तं आयकू द्या.”

भाऊ वर्तमानपत्राची घडी घालेपर्यंत वहिनींनी हेडफोन डोक्यावर चढवला होता. आधी उलटा, मग मी सरळ करून दिला. बसायला जागा उरली नव्हती म्हणून भाऊ ऑक्टोपॅडपुढे उभे राहिले. काठ्या हातात घेतल्या. कान मोकळे होते. त्यांना आता आमच्यासारखीच टकटक ऐकू येणार होती. तरी ते सुरू झाले.

पहिल्या थापेला वहिनींनी कोठीच्या दोन्ही कडा गच्च धरल्या. मला वाटलं, घाबरल्या. चार-पाच थापांनी पकड सैल झाली. मग त्यांनी डोळे मिटले. भाऊ नाटकाच्या पडद्यापासून वाजवत होते, खलनायक, वीज, पाऊस, एकामागून एक. खोलीत मला नुसती टकटक, आणि ती बाई मात्र हळूहळू डोलू लागलेली. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.  त्या आठ दिवसांत आणि त्याआधी पाच महिने मी या माणसाला मनातून वेडा ठरवलं होतं, त्याबद्दल मी तिथेच मनात माफी मागितली.

हेडफोन लावलेलं माणूस बोलतं तशा ठणठणीत आवाजात वहिनी एकदम ओरडल्या, “एवढा मोठा आवाज घरात होता, अन् मले कोणी सांगतलं नाई!”

  भाऊंनी काठ्या एका हातात घेतल्या, तळव्याचा घाम लुंगीला पुसला आणि पुन्हा पहिल्या पडद्यापासून वाजवायला घेतलं.